एसीएलच्या ऑपरेशननंतर: कोणती पायरी आधी, कोणती नंतर

नवरात्र संपलं की वडोदऱ्यातल्या फिजिओथेरपीच्या खोल्यांत सुजलेले गुडघे येऊ लागतात. बरेचसे पहिल्यांदाच मुरगळलेले असतात. पण काही गुडघ्यांवर दुर्बिणीच्या ऑपरेशनचे जुने व्रण दिसतात. काही महिन्यांपूर्वी नवा एसीएल, म्हणजे गुडघ्याच्या आत मांडीचं आणि नडगीचं हाड बांधून ठेवणारा पट्टा (लिगामेंट), बसवलेला, आणि तो गिरकी घेताना पुन्हा तुटलेला. फिजिओथेरपिस्ट म्हणून हे दुसरे रुग्ण मनाला फार लागतात, कारण त्यांतल्या अनेकांचं ऑपरेशन उत्तम झालेलं असतं. चुकतो तो नंतरचा क्रम.

क्रम असा: आधी गुडघा पूर्ण सरळ, त्याच्या जोडीला मांडीचा स्नायू जागा, सूज आटोक्यात, मग नीट चाल, मग वाकणं आणि ताकद, मग धाव, मग उडी, आणि सगळ्यात शेवटी गिरकी. घरोघरी होतं ते नेमकं उलट. पहिल्या आठवड्यापासून आई विचारते, "ताई, मांडी घालता येईल ना याला?" आणि गुडघा बोटभर वाकडा राहिलाय, तो जमिनीला टेकत नाही, याकडे कोणाचं लक्ष नसतं. मग दुखणं थांबलं की बरं झालं असं धरून चौथ्या महिन्यात मैदान, सातव्या महिन्यात गरबा.

खालचे टप्पे फक्त एसीएल बदललेल्यांसाठी आहेत. मेनिस्कसला (गुडघ्यातल्या दोन हाडांमधल्या गादीला) टाके घातले असतील, दुसरंही लिगामेंट दुरुस्त केलं असेल किंवा कूर्चेवर काम झालं असेल, तर वजन कधी टाकायचं आणि किती वाकवायचं हे सगळं बदलतं. तिथे तुमच्या सर्जनच्या कागदावर लिहिलेलं या लेखापेक्षा वरचढ धरा.

## १. ऑपरेशनच्या आधी

घाई करू नका. सुजलेल्या, आखडलेल्या गुडघ्यावर ऑपरेशन केलं की नंतर तो आखडूनच राहण्याची भीती वाढते. दुखापतीनंतरचे काही आठवडे गुडघा तयार करण्यात घालवा. टेबलावर जाताना तो पूर्ण सरळ होत असावा, सूज जवळपास गेलेली असावी, मांडीचा पुढचा स्नायू घट्ट आवळता यावा आणि चालताना लंगड नसावी. अपवाद एकच: मेनिस्कसचा तुकडा अडकून गुडघा कुलूप लागल्यासारखा झाला असेल, सरळच होत नसेल, तर वाट पाहू नका. लगेच दाखवा.

ऑपरेशन हवंच का, हे आधी विचारा. स्वीडनमध्ये १२१ तरुण, सक्रिय रुग्णांवर झालेला एक अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. अर्ध्यांचं लवकर ऑपरेशन केलं. बाकीच्यांना आधी व्यायाम दिला आणि गरज पडली तरच ऑपरेशन. दोन वर्षांनी दोन्ही गटांच्या गुडघ्यांचे गुण सारखेच होते, आणि दुसऱ्या गटातल्या निम्म्याहून अधिक लोकांना तोवर ऑपरेशन लागलंच नव्हतं. ज्याचं काम बैठं आहे, ज्याला सरळ चालायचं, जिना चढायचा आणि सायकल चालवायची आहे, त्याने तीन महिने मनापासून व्यायाम करून पाहावा. खो-खो, कबड्डी, फुटबॉल खेळणाऱ्याचा किंवा रोजच्या चालण्यातही गुडघा सटकणाऱ्याचा हिशेब वेगळा आहे.

सर्जनला चार प्रश्न विचारा आणि उत्तरं लिहून घ्या.

पहिला: ग्राफ्ट, म्हणजे नवा एसीएल करायला लागणारा पट्टा, कुठून घेणार? मांडीच्या मागच्या हॅमस्ट्रिंगमधून, वाटीखालच्या पट्ट्यातून, वाटीच्या वरच्या क्वाड्रिसेप्स टेंडनमधून (टेंडन म्हणजे स्नायू हाडाला जोडणारा दोर), की घोट्याजवळच्या पेरोनियस लाँगसमधून? यावर पुढचा व्यायाम ठरतो. हॅमस्ट्रिंग घेतलं तर मागच्या स्नायूला सुरुवातीचे दोन-तीन महिने जोर द्यायचा नसतो. वाटीखालचा पट्टा घेतला तर गुडघे टेकून बसताना पुढे दुखू शकतं. देवघरात किंवा फरशी पुसताना ज्यांना रोज गुडघे टेकावे लागतात त्यांनी हे आधीच सांगावं.

दुसरा: ऑपरेशनमध्येच गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूने आधाराची जादा पट्टी घालणार का? वय कमी आणि गिरक्यांचा खेळ असेल तर हा प्रश्न नक्की विचारा. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ६१८ तरुण रुग्णांच्या अभ्यासात हॅमस्ट्रिंग ग्राफ्टसोबत अशी पट्टी घातल्यावर दोन वर्षांत ग्राफ्ट तुटण्याचं प्रमाण ११ टक्क्यांवरून ४ टक्क्यांवर आलं. अलीकडच्या सुधारणांपैकी थेट रुग्णाच्या पदरात पडणारी ही सुधारणा मला सर्वांत महत्त्वाची वाटते.

तिसरा: मेनिस्कसला टाके पडले तर माझं वेळापत्रक कसं बदलेल?

चौथा: घरी जाताना ब्रेस, कुबड्या आणि रक्त पातळ करण्याचं औषध यांपैकी काय आणि किती दिवस?

मोबाइलवर फिरणाऱ्या बातम्यांबद्दलही लोक विचारतात, म्हणून थोडक्यात सांगते. तुटलेल्या एसीएललाच कोलाजेनचा आधार देऊन जोडणारं 'बेअर' नावाचं रोपण अमेरिकेच्या औषध प्रशासनाने डिसेंबर २०२० मध्ये मान्य केलं. ते दुखापत ताजी असतानाच बसवायचं असतं. ऑस्ट्रेलियात ८० रुग्णांचा गुडघा चार आठवडे ९० अंशांत ब्रेसमध्ये बांधून ठेवला, पुढे हळूहळू मोकळा केला. २०२३ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. तीन महिन्यांनी दहापैकी नऊ जणांच्या एमआरआयमध्ये एसीएल जुळून येत असल्याची चिन्हं दिसली. पण ते बांधणं दुखापतीनंतर लगेच, तज्ज्ञाच्या देखरेखीखाली सुरू होतं आणि पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका सांभाळावा लागतो. घरी दोरी बांधून करायचा हा प्रयोग नव्हे. आणि पीआरपीच्या (आपल्याच रक्तातून काढलेल्या प्लेटलेटच्या) इंजेक्शनने ग्राफ्ट लवकर पक्का होतो असा भरवशाचा पुरावा नाही; त्या पैशांत कित्येक महिन्यांची फिजिओथेरपी होते.

घर लावून घ्या. रावपुरा, दांडिया बाजार भागातल्या जुन्या वाड्यांचे जिने अरुंद आणि उभे असतात. पहिले दोन आठवडे झोपायची जागा शक्यतो तळमजल्यावर करा. पलंग हवा, गादी जमिनीवर नको. भारतीय बैठकीचा संडास असेल तर कमोडची खुर्ची आणून ठेवा. न्हाणीघरात प्लास्टिकचं स्टूल आणि खालची ओली फरशी पुसायला कोणीतरी असावं. दिवाणखान्यातला झोपाळा सहा आठवडे बंद: कुबड्या घेऊन हलत्या पाटावर बसता-उठता माणूस पडतो.

कुबड्या ऑपरेशनच्या आधी आणा आणि दोन दिवस सराव करा. काख आणि कुबडीचा माथा यांत दोन-तीन बोटांचं अंतर हवं. वजन तळहातांवर, काखेत नाही. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा पाय आणि कुबड्या आधी.

तंबाखू थांबवा. सिगारेट, मावा, गुटखा, सगळंच. निकोटिनमुळे रक्तपुरवठा आकसतो, आणि नव्या ग्राफ्टला नेमकं रक्तच हवं असतं.

> तारखेचा हिशेब: उत्तरायण (संक्रांत) झाल्यावर जानेवारीच्या शेवटी ऑपरेशन केलं तर नऊ महिने ऑक्टोबरच्या शेवटी भरतात. त्या वर्षीची नवरात्र तुमची नाही, हे ऑपरेशनच्या आधीच घरात आणि मित्रांत सांगून टाका. सप्टेंबरात गरब्याचा पास हातात आल्यावर स्वतःला आवरणं कठीण जातं.

## २. पहिले दोन आठवडे: सरळ, स्नायू, सूज

या दोन आठवड्यांत तीनच कामं आहेत, आणि पुढच्या नऊ महिन्यांतली निम्मी भांडणं इथेच मिटतात.

सरळ करणं. पलंगावर पाय लांब करून बसा. टाचेखाली टॉवेलची घट्ट गुंडाळी ठेवा, गुडघा आणि पोटरी अधांतरी राहू द्या. गुडघा स्वतःच्या वजनाने खाली येईल. दहा मिनिटं, दिवसातून पाच-सहा वेळा. मागे ताण बसतो, थोडं दुखतं, चालेल.

> सर्वांत मोठी चूक: गुडघ्याखाली उशी. दुखतं म्हणून घरातलं माणूस प्रेमाने उशी सरकवतं, बरंही वाटतं, आणि गुडघा थोडा वाकलेल्या अवस्थेतच जखडू लागतो. उशी ठेवायची तर टाचेखाली. रात्रीसुद्धा.

सरळ न झालेल्या गुडघ्यात पुढे ग्राफ्टच्या समोर घट्ट गाठ धरू शकते, मग ती काढायला पुन्हा दुर्बीण घालावी लागते. गुडघा वाकणं दोन महिन्यांनीही वाढवता येतं. सरळ होणं मात्र उशिरा मिळवायला फार झगडावं लागतं. म्हणून मांडी घालण्याचा विषय या टप्प्यात काढूच नका.

स्नायू जागा करणं. ऑपरेशननंतर मांडीचा पुढचा स्नायू झोपी जातो. सुजेमुळे मेंदूकडून त्याला जाणारा हुकूमच दबतो. हा आळस नव्हे. पाय सरळ ठेवून गुडघा पलंगात दाबा आणि वाटी मांडीकडे वर सरकते का ते बोटांनी पाहा. सरकली तर व्यायाम होतोय. नुसता पाय कडक करून श्वास रोखला असेल तर होत नाहीये. दहा मोजेपर्यंत धरायचं, दहा वेळा, दिवसातून पाच-सहा फेऱ्या. वाटी हलतच नसेल तर फिजिओकडून विजेच्या सौम्य झटक्यांचं यंत्र लावून घ्या. या टप्प्यात त्याचा खरा उपयोग होतो.

मग पाय सरळ उचलणं. उचलताना गुडघा किंचितही वाकत असेल तर अजून उचलायचा नाही, पुन्हा दाबण्यावर या.

सूज. पाय छातीपेक्षा उंच, पट्टी, आणि कापडात गुंडाळलेला बर्फ १५ ते २० मिनिटं. उघडा बर्फ त्वचेवर नको. घोटा दिवसभर वर-खाली हलवत राहा. भेटायला येणाऱ्यांसाठी तासन् तास पाय खाली सोडून बसू नका. चहा त्यांना तुमच्या पलंगाजवळ द्यावा.

वाकवणं हळूहळू: टाच पलंगावरून घासत जवळ आणा. दोन आठवड्यांच्या शेवटी ९० अंश, म्हणजे खुर्चीवर बसल्यावर पाय सरळ खाली, एवढं पुरे. सर्जनने परवानगी दिली असेल तर कुबड्यांसह वजनही टाकत जा.

> थांबा आणि लगेच दाखवा: पोटरी कडक होऊन दुखणं किंवा एकाच पायाची पोटरी सुजणं; ताप, जखमेतून स्राव, गुडघा लालबुंद आणि गरम. अचानक धाप लागली किंवा छातीत दुखलं तर फोन करत बसू नका, थेट रुग्णालयात जा. आणि पोटरीला कोणाकडूनही मालीश करून घेऊ नका, हाडवैदाकडून तर मुळीच नाही. आत गुठळी असेल तर ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते.

## ३. दोन ते सहा आठवडे: चाल

टाके निघतात, दुखणं उतरतं आणि लोक कुबड्या भिंतीला टेकवतात. इथे दुसरी चूक होते. कुबडी दिवस मोजून सोडायची नसते, चाल पाहून सोडायची असते.

कुबडी सोडण्याची कसोटी: पाय सरळ उचलताना गुडघा वाकत नाही. चालताना टाच आधी टेकते. ऑपरेशनच्या पायावर उभं असताना गुडघा सरळ होतो. लंगड नाही. घरच्यांना बाजूने मोबाइलवर चित्रण करायला सांगा, आणि नंतर त्यातला पावलांचा आवाजही डोळे मिटून ऐका. दोन पावलांचा ठेका सारखा असावा. एक जड, एक हलकं वाजत असेल तर एक कुबडी आणखी काही दिवस ठेवा, आणि ती *चांगल्या* पायाच्या बाजूच्या हातात धरा. बहुतेक जण ती दुखऱ्या बाजूला धरतात.

गुडघा किंचित वाकवून चालायची सवय एकदा लागली की ती सहा महिने पाठ सोडत नाही.

या टप्प्यात स्थिर सायकल सुरू होते, आधी अर्धे फेरे, मग पूर्ण, सीट उंच ठेवून. भिंतीला टेकून थोडंसं बसणं, टाचा उचलणं, एका पायावर उभं राहणं. सहा आठवड्यांच्या शेवटी वाकणं साधारण १२० अंशांपर्यंत यावं.

घरी करायच्या दोन तपासण्या. दर रविवारी करा आणि वहीत लिहा.

पहिली, टाचांची. पलंगावर पालथे झोपा, मांड्या पलंगावर, गुडघ्यापासून खालचे पाय कडेबाहेर मोकळे. मागून कोणीतरी दोन्ही टाचा पाहावी. ऑपरेशनची टाच वर दिसली तर गुडघा अजून सरळ नाही. एक सेंटीमीटरचा फरक म्हणजे ढोबळमानाने एक अंश. फरक दिसला की तीच स्थिती हा व्यायाम समजून पाच-दहा मिनिटं तसेच पडून राहा.

दुसरी, पाण्याची. पाय लांब करून मांडी सैल सोडा. वाटीच्या आतल्या बाजूने तळहात वरच्या दिशेने दोन-तीनदा फिरवा, म्हणजे तिथलं पाणी वर ढकललं जातं. मग वाटीच्या बाहेरच्या बाजूने वरून खाली एकदा हात फिरवा आणि आतल्या खळग्याकडे पाहा. खळगा फुगला तर सांध्यात पाणी आहे. बाहेरून हात न फिरवताच आपोआप भरला तर जास्त आहे. पुढचे सगळे महिने ही एक तपासणी तुम्हाला कालचा व्यायाम जास्त झाला की बेताचा, ते सांगेल.

गाडी. डावा गुडघा आणि गिअर नसलेली कार असेल तर लवकर, उजवा गुडघा असेल तर ब्रेक जोराने दाबता येईपर्यंत नाही. स्कूटरबद्दल मी जास्त कडक आहे. मांडवीच्या गर्दीत गाडी कलंडली की पाय आपोआप टेकतो, आणि शे-सव्वाशे किलोची गाडी एका वाकड्या गुडघ्यावर येते. दोन महिने तरी नाही, आणि त्यानंतरही डॉक्टरांना विचारून. मागे एका बाजूला बसून जाणाऱ्या बायकांनी उतरताना पाय टेकवून अंगाची गिरकी घेऊ नये. गाडी स्टँडवर लावायला सांगा आणि मगच उतरा.

## ४. सहा ते बारा आठवडे: फसवा काळ

दुखत नाही. सूज नाही. ऑफिस सुरू झालंय. आणि ग्राफ्ट याच सुमारास सर्वांत कमजोर असतो.

बसवलेला ग्राफ्ट म्हणजे रक्तपुरवठा तुटलेलं टेंडन. शरीर आधी त्यातल्या पेशी मोडतं, मग नव्या रक्तवाहिन्या आत शिरतात, मग तंतू नव्याने रचले जातात. मोडणं आणि रचणं यांच्या मधल्या या आठवड्यांत त्याची ताकद बसवलेल्या दिवसापेक्षाही कमी असते. बांधकामातल्या ओल्या स्लॅबसारखं आहे: वरून टणक दिसतो, पण टेकू काढायची वेळ झालेली नसते. ही पुनर्रचना पुढे वर्षभर, कधी त्याहून जास्त, चालू राहते. वेदना मात्र यातलं काहीच कळवत नाही.

करायचं: अर्धी बैठक, पायरीवर चढणं-उतरणं, लेग प्रेस, नितंबांचे व्यायाम, सायकल, एका पायावर तोल. कमाटीबागेत सकाळी सपाट रस्त्यावर चालणं. मांडीचा स्नायू फार वाळलेला असेल आणि जास्त वजन झेपत नसेल तर मांडीला पट्टा बांधून, रक्तप्रवाह मोजून कमी करून, हलक्या वजनात व्यायाम करायची नवी पद्धत उपयोगी पडते. ती प्रशिक्षित फिजिओकडेच करावी. घरी ओढणी आवळून नाही.

टाळायचं: अचानक वळणं, उड्या, घसरड्या जागा, लोकलसाठी धावणं. हॅमस्ट्रिंग ग्राफ्टवाल्यांनी पालथं झोपून टाच नितंबाकडे ओढण्याचा वजनी व्यायाम. यंत्रावर बसून पाय सरळ करण्याचा व्यायाम बंदच ठेवायचा असं नाही, पण तो कोणत्या आठवड्यात, कोणत्या कोनात आणि किती वजनाने, हे ग्राफ्टवर ठरतं. व्यायामशाळेतल्या मित्राला नाही, फिजिओला विचारा.

मांडी, उकिडवं बसणं, वज्रासन: गुडघा पूर्ण वाकू लागला, पाणी नाही आणि सर्जनने होकार दिला की हळूहळू. बहुतेकांना चार ते सहा महिने लागतात. मेनिस्कसला टाके असतील तर आणखी उशीर. वरून दाबून, कोणाला मांडीवर बसवून वाकवणं कधीच नाही.

> दुसऱ्या सकाळचा नियम: आज नवा व्यायाम केला आणि उद्या सकाळी पाण्याची तपासणी वाढलेली निघाली, तर एक पायरी मागे. सूज उतरेपर्यंत पुढे जायचं नाही.

## ५. तीन ते सहा महिने: ताकद, मग धाव

याच टप्प्यात सर्वांत जास्त लोक फिजिओकडे यायचं सोडतात. रोजचं काही अडत नाही, पैसे आणि वेळ जातात. मला हे समजतं. पण खरा व्यायाम आता सुरू होतो. खासगी खर्च झेपत नसेल तर सयाजी रुग्णालयाच्या आवारात सरकारी फिजिओथेरपी महाविद्यालय आहे, तिथे जा. आठवड्याला येणं जमत नसेल तर तीन आठवड्यांतून एकदा येऊन वजनं आणि मोजमापं ठरवून घ्या, बाकी घरी किंवा व्यायामशाळेत करा. पूर्ण सोडू नका.

व्यायाम जड हवा. पिवळा रबरी पट्टा ओढत पन्नास वेळा मोजल्याने मांडी भरत नाही. आठ-दहा वेळांत थकवेल इतकं वजन, आठवड्यातून दोन-तीन दिवस, एका पायाने वेगळं. दोन्ही पायांनी केलं की चांगला पाय गुपचूप काम उचलतो आणि आरशात सगळं झकास दिसतं. जेवणात प्रथिनं मोजून घ्या: डाळ, उसळ, पनीर, दही, शेंगदाणे, चालत असतील तर अंडी.

धावण्याआधी चार गोष्टी हव्यात: किमान तीन महिने पूर्ण, पाणी नाही, गुडघा पूर्ण सरळ आणि जवळपास पूर्ण वाकतो, आणि मांडीची ताकद दुसऱ्या पायाच्या ७० टक्क्यांच्या वर. ताकद हाताने दाबून कळत नाही. मोजायचं यंत्र नसेल तर लटकवायचा डिजिटल वजनकाटा टेबलाला बांधून, पट्टा घोट्याला लावून, गुडघा ९० अंशांत ठेवून दोन्ही पायांचा जोर मोजता येतो. फिजिओकडे हे आग्रहाने मागा.

सुरुवात एक मिनिट धाव, दोन मिनिटं चाल. सपाट, मऊ जागी, सरळ रेषेत. एक दिवसाआड.

## ६. सहा ते नऊ महिने: उडी, वळण, कसोटी

आधी दोन पायांवर उतरायला शिका, मग एका पायावर. उतरताना समोरून चित्रण करा. गुडघा आत पडतो का? पडत असेल तर उडीची उंची कमी करा आणि पुन्हा नितंबांच्या ताकदीवर या. एसीएल बहुतेक वेळा असाच तुटतो: पाय रोवलेला, गुडघा आत, अंग वळलेलं. पहिल्यांदाही तो बहुधा असाच तुटला होता.

नंतर वळणं: आधी ४५ अंश, सावकाश आणि ठरवलेली; मग ९० अंश; मग समोरच्याने हात दाखवताच, न ठरवलेली. थकल्यावरची उडी शेवटी.

खेळात परतण्याची कसोटी तारखेची नाही, पण तारीखही मोजली जाते. नॉर्वे आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी २०१६ मध्ये १०६ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. नऊ महिन्यांपर्यंत परतणं जितकं लांबवलं, तितकी दर महिन्यामागे पुन्हा दुखापतीची शक्यता जवळपास निम्म्याने घटली. शिवाय ताकद आणि उड्यांच्या कसोट्यांत नापास होऊन परतलेल्यांपैकी ३८ टक्क्यांना पुन्हा दुखापत झाली. पास होऊन परतलेल्यांत सहा टक्क्यांहून कमी जणांना. म्हणून दोन्ही हवं:

- नऊ महिने पूर्ण. वय विशीच्या आत असेल तर आणखी थांबा.
- मांडीची ताकद दुसऱ्या पायाच्या ९० टक्के किंवा जास्त.
- एका पायाची लांब उडी, सलग तीन उड्या, रेषा ओलांडत तिरप्या उड्या आणि सहा मीटर वेळेची उडी: चारही ९० टक्क्यांवर.
- उतरताना गुडघा आत पडत नाही.
- पाणी नाही. आणि मनात भीती नाही. पाय टाकताना क्षणभर कचरत असाल तर तेही मोजा. कचरणारा पाय चुकीचा पडतो.

> लक्षात ठेवा: तुलना ज्या पायाशी करता तोही या महिन्यांत कमजोर झालेला असतो. त्यामुळे ९० टक्के ही पास होण्याची खालची रेषा आहे. दुसऱ्या पायाचे व्यायामही सोडायचे नाहीत. २०१६ च्याच एका मोठ्या आढाव्यानुसार पंचविशीच्या आतल्या, खेळात परतलेल्या खेळाडूंपैकी सुमारे २३ टक्क्यांना दुसऱ्यांदा एसीएलची दुखापत झाली, त्याच गुडघ्याला किंवा दुसऱ्या.

## ७. मैदानात, आणि गरब्यात

मल्लखांबवाल्यांनी जमिनीवर उतरणं शेवटी ठेवावं. खो-खोवाल्यांनी खांब वळणं शेवटी. आधी सराव, मग अर्धा सामना, मग पूर्ण.

गरब्याला लोक खेळ मानत नाहीत, इथेच घोटाळा होतो. अनवाणी पाय मातीत रोवून, अंग वळवत, तासन् तास, लागोपाठ नऊ रात्री: फुटबॉलच्या सामन्यात होत नसतील इतक्या गिरक्या एका रात्रीत होतात. म्हणून वरची कसोटी गरब्यालाही तशीच लागू.

पास झालात तर असं परता. महिनाभर आधी घरी, बूट घालून, बे ताळी आणि तीन ताळी (दोन आणि तीन टाळ्यांचा गरबा) गिरकीशिवाय. मग अर्धी गिरकी. मग पूर्ण, पण पाय रोवून अंग फिरवायचं नाही; छोटी छोटी पावलं टाकत फिरायचं. मग अनवाणी, मातीवर. नवरात्रात पहिल्या रात्री वीस मिनिटं, आणि एक रात्र सोडून एक. संध्याकाळी मैदान सपाट आहे का, खड्डे कुठे आहेत ते पाहून ठेवा. शेवटच्या तासाला लय चढते, पाय थकलेले असतात, गर्दी आत दाटते. तो तास पहिल्या वर्षी सोडून द्या. गुडघ्याचा पट्टा बांधल्याने धीर येतो, पण त्याने ग्राफ्ट वाचतो असं ठामपणे सिद्ध झालेलं नाही. कसोटीत नापास झालेल्याने पट्टा बांधून जाणं म्हणजे जाणंच.

ताकदीचे व्यायाम आठवड्यातून दोनदा, खेळत आहात तोवर.

आणि पुन्हा गुडघा वळला, आत 'कट्' झालं, दोन-चार तासांत भरून सूज आली, तर सांध्यात रक्त जमलं असण्याची शक्यता मोठी असते. त्याच क्षणी बाहेर या, पाय उंच, बर्फ, कुबड्या, आणि दुसऱ्या दिवशी तपासणी. एमआरआय लागेल की नाही ते तपासणारा ठरवेल. तोवर मालीश, गरम शेक, आणि 'बघू या दोन दिवस' म्हणत त्यावर चालत राहणं, तिन्ही बंद.